एएमएल, एफएलटी३ आणि एकदम तीन औषधं : कुणी समजावून सांगेल का?

रानजाई (मंगळवार, रात्री १०:४०)

नमस्कार. एरवी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. महिनाभर दम लागत होता, हिरड्यांतून रक्त येत होतं, कुठे आपटलं नाही तरी अंगावर काळेनिळे डाग. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी ८० हजारांच्या वर. मग बोन मॅरो (हाडातला मगज) तपासला आणि निदान : अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. त्यानंतर चार दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला, त्यात ‘एफएलटी३-आयटीडी पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, हा प्रकार आक्रमक असतो.

बाबांच्या हृदयाची ताकद आधीच कमी आहे, त्यामुळे नेहमीची जोरदार केमो झेपणार नाही. त्याऐवजी अझासिटिडीनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या द्यायच्या, हे नक्की झालंय. प्रश्न तिसऱ्याचा आहे. गिल्टेरिटिनिब नावाची एफएलटी३वरची गोळी सुरुवातीपासूनच जोडायची, की आजार उलटला तर द्यायला राखून ठेवायची? डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या. मी वहीत लिहून घेतल्या, पण निम्म्या कळल्या नाहीत. शुक्रवारी परत भेटायचं आहे.

माझा भाबडा प्रश्न : गुन्हेगार एफएलटी३ आहे हे माहीत आहे आणि त्याच्यावरच नेम धरणारं औषध आहे, तर तेवढं एकच का पुरत नाही? बाबा या तिघांना ‘तिकडी’ म्हणतात आणि विचारतात, म्हाताऱ्या माणसावर तिघे कशाला सोडताय?

वाचनमात्र (मंगळवार, रात्री १०:५२)

बाबांना लवकर आराम पडो. विषयातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

पेशीवाला (मंगळवार, रात्री ११:५८)

रानजाई, मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर मॅरोच्या काचा बघायच्या, हा धंदा. रुग्णांवर उपचार करत नाही, तेव्हा हे फक्त समजून घेण्यापुरतं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि बाबांचा.

प्रश्न अजिबात भाबडा नाही. सगळी मेख तिथेच आहे.

एफएलटी३ (आम्ही बोलताना ‘फ्लिट-थ्री’ म्हणतो) हा मॅरोतल्या कोवळ्या पेशींच्या अंगावरचा एक रिसेप्टर. बाहेरून संदेश आला की तो पेशीला ‘वाढ’ म्हणतो आणि संदेश थांबला की गप्प बसतो. आयटीडी प्रकारात या जनुकाचा एक तुकडा लागोपाठ दोनदा लिहिला जातो, टाइप करताना एखादा शब्द दोनदा पडावा तसा. त्या एवढ्याशा चुकीने रिसेप्टर कुणी न सांगताच ‘वाढ, वाढ’ म्हणत सुटतो. एएमएलच्या साधारण ३० टक्के रुग्णांत एफएलटी३ बिघडलेला सापडतो आणि त्यात बहुतेकांचा बिघाड आयटीडीच असतो. पांढऱ्या पेशी इतक्या वर का गेल्या, त्याचं उत्तर बहुधा हेच.

आता एकच औषध का नाही? ॲडमिरल नावाच्या चाचणीत नेमकं हे पाहिलं होतं, निष्कर्ष २०१९ साली छापून आले. आजार उलटलेले किंवा पहिल्या उपचाराला न जुमानणारे ३७१ रुग्ण घेतले. काहींना केमो, काहींना एकटं गिल्टेरिटिनिब. केमोवाल्यांचं मध्यांक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण जितके महिने जगले तो आकडा) ५.६ महिने, गिल्टेरिटिनिबवाल्यांचं ९.३. औषध जिंकलं हे खरंच. पण किती जिंकलं ते तुम्हीच बघा.

ल्युकेमिया म्हणजे एकसारख्या पेशींची फौज नसते. काचेवर सगळे ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशी) सारखेच दिसतात, पण जनुकं वाचली की भाऊबंद वेगवेगळे निघतात. काहींत आयटीडी असतो, काहींत नसतोच. काहींत आरएएस नावाचं दुसरं जनुक बिघडलेलं असतं आणि ते साखळीत एफएलटी३च्या खालच्या पायरीवर बसतं. वरचा नळ बंद केला तरी खालून पाणी चालूच. एकट्या गिल्टेरिटिनिबनंतर आजार परत येतो तेव्हा असे आरएएसवाले वर आलेले वारंवार दिसतात.

उंदराच्या बिळाला एकच तोंड कधी नसतं. एका तोंडाशी धूर केला की तो दुसरीकडून निघतो. बीळ माहीत असणं वेगळं आणि तोंडं किती ते माहीत असणं वेगळं.

व्हेनेटोक्लॅक्सचं काम निराळं आहे. ते वाढ थांबवत नाही, मरण अडवणाऱ्याला अडवतं. खराब झालेल्या पेशीने स्वतःहून मरायचं असतं. ब्लास्ट ते टाळतात बीसीएल-२ या प्रथिनाच्या जोरावर. व्हेनेटोक्लॅक्स बीसीएल-२ला धरून ठेवतं. पण मग पेशी त्याच्या भावाकडे धाव घेते, एमसीएल-१कडे. त्यावर व्हेनेटोक्लॅक्सचा काडीचा परिणाम नाही. आणि एमसीएल-१ भरपूर राहावं म्हणून पेशीत हाकारा कोण देतं? बिघडलेला एफएलटी३!

म्हणजे गिल्टेरिटिनिबने एफएलटी३ गप्प केला की एमसीएल-१ घटतं आणि पेशीला पुन्हा बीसीएल-२वर विसंबावं लागतं. तिथे व्हेनेटोक्लॅक्स बसलेलंच आहे. ही जोडी ‘दोन चांगली औषधं आहेत, देऊया दोन्ही’ अशी जमवलेली नाही. एकाने पळवून लावायचं, दुसऱ्याने वाट अडवायची.

अझासिटिडीन काटेकोर अर्थाने टार्गेटेड नाही. ते डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसतं. पण व्हेनेटोक्लॅक्ससोबत त्याचं जमतं हे व्हिआले-ए चाचणीत नीट दिसलंय : ४३१ रुग्ण, एकट्या अझासिटिडीनवर मध्यांक आयुष्य ९.६ महिने, दोन्हींवर १४.७. ज्यांना जोरदार केमो झेपत नाही त्यांच्यासाठी तेव्हापासून हीच पायाभूत जोडी झाली. मात्र आयटीडी असेल तर या जोडीचा परिणाम फार टिकत नाही. म्हणून तिसऱ्याचा विचार.

फार लांबलं. उरलेलं उद्या.

रानजाई (बुधवार, सकाळी ६:१५)

पेशीवाले, बिळाचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मग तोंडं मोजून झाली का त्यांची?”

शंकेखोर (बुधवार, सकाळी ९:३०)

बाबांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

पेशीवाल्यांनी सांगितलेली यंत्रणा बरोबर आहे, पण मला अशा सुबक गोष्टींची भीती वाटते. कागदावर जुळणाऱ्या किती जोड्या रुग्णांत आपटल्या याचीही नोंद हवी. दोनच सांगतो.

एक. अझासिटिडीन अधिक गिल्टेरिटिनिब. नव्याने निदान झालेले, एफएलटी३ बिघडलेले, जोरदार केमो न झेपणारे रुग्ण, म्हणजे अगदी तुमच्या बाबांसारखे. चाचणीचं नाव लेसविंग. जोडीने रिमिशन (म्हणजे तपासणीत आजार जवळपास दिसेनासा होणं) मिळालं ५८.१ टक्क्यांना, एकट्या अझासिटिडीनने २६.५ टक्क्यांना. दुपटीहून जास्त! आणि आयुष्य? ९.८२ महिने विरुद्ध ८.८७. संख्याशास्त्राच्या हिशेबात फरक नाहीच. चाचणी मध्येच थांबवली.

दोन. मॅग्रोलिमॅब. ल्युकेमियाच्या पेशी सीडी४७ नावाचं प्रथिन मिरवतात, त्याचा अर्थ भक्षक पेशींसाठी ‘मला खाऊ नका’. ते झाकणारं हे प्रतिपिंड. कल्पना देखणी. अझासिटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्सला हे तिसरं जोडून मोठी चाचणी केली. २०२४च्या सुरुवातीला ती बंद करावी लागली, कारण फायदा तर दिसेना आणि तिसरं औषध घेणाऱ्या गटात मृत्यूंचा धोका जास्त, मुख्यतः जंतुसंसर्ग आणि श्वसनाच्या त्रासाने.

रिमिशनचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका एवढंच म्हणणं.

रानजाई (बुधवार, सकाळी ९:५०)

हे वाचून हातपाय गार पडले. मग काहीच करू नये असं आहे का?

शंकेखोर (बुधवार, सकाळी १०:०५)

नाही, नाही. माझी लिहिण्याची पद्धत चुकली, माफ करा. पायाभूत जोडी तर घ्यायचीच आहे, त्यात वाद नाही. माझी शंका फक्त तिसऱ्याबद्दल, आणि तीही ‘नको’ अशी नाही. ‘कशाच्या आधारावर’ अशी आहे. परवा डॉक्टरांना हेच विचारा : तिसरं जोडल्याने माणसं जास्त काळ जगली असा पुरावा आहे, की फक्त जास्त जणांचा मॅरो साफ झाला असा?

ताम्हण (बुधवार, दुपारी १:२०)

मी स्वतः रुग्ण. नऊ वर्षं झाली. माझा आजार एएमएलचाच एक पोटप्रकार, एपीएल. रानजाई, तुझ्या बाबांचा आणि माझा आजार वेगळा, तेव्हा तुलना करू नकोस. पण ‘जोडी’ म्हणजे काय हे मला माझ्या आजारातून कळलं, म्हणून लिहिते.

१९५७ साली हिलेस्टाड या नॉर्वेजियन डॉक्टरांनी एपीएलचं वर्णन केलं तेव्हा तो सगळ्यांत झपाट्याने मारणारा ल्युकेमिया म्हणून केलं. रुग्ण रक्तस्रावाने काही आठवड्यांत जायचे. यात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विचित्र जोडप्रथिन तयार होतं, अर्धं पीएमएल, अर्धं आरएआरए. ते पेशीला मोठीच होऊ देत नाही. कायमची पोरवयात अडकलेली पेशी.

शांघायमध्ये वांग झेन-यी यांच्या गटाने २४ रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं, त्याला आट्रा म्हणतात. १९८८ साली छापलं. २३ जणांचं रिमिशन एकट्या आट्राने झालं! पेशी मारल्याच नाहीत, त्यांना वयात आणलं. पण एकट्या आट्रावर आजार परत यायचा. तिकडे हार्बिनमध्ये झांग टिंगडाँग यांनी १९७०च्या दशकापासून आर्सेनिक वापरून पाहिलं होतं. हो, तेच, सोमल.

गंमत पुढे आहे. आट्रा त्या जोडप्रथिनाच्या आरएआरए बाजूला चिकटतं आणि आर्सेनिक पीएमएल बाजूला. एकाच चोराचे दोन हात दोघांनी धरायचे. दोन्ही मिळून ते प्रथिनच मोडीत काढतात. २०१३ साली लो-कोको यांच्या गटाने कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांत आट्रा-आर्सेनिक विरुद्ध आट्रा-केमो अशी तुलना छापली : दोन वर्षांनी जिवंत ९९ टक्के विरुद्ध ९१ टक्के. केमोशिवाय.

मला आट्रा जनुकांचा रिपोर्ट यायच्या आधीच सुरू केलं होतं, नुसत्या संशयावर, कारण यात एक दिवसही थांबायचं नसतं. तिसऱ्या दिवशी ताप, वजन चार किलोने वर, श्वास लागेना. याला डिफरन्सिएशन सिंड्रोम म्हणतात, पेशी एकदम वयात आल्याचा दंगा. डेक्सामेथासोनने आटोक्यात आला. आर्सेनिक चालू असताना ईसीजी इतक्यांदा काढला की छातीवरच्या स्टिकरचे डाग महिनाभर गेले नाहीत.

अर्धविराम (बुधवार, दुपारी २:४५)

ताम्हण, दंडवत.

माझ्या धाकट्या भावाला फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह एएलएल, म्हणजे ल्युकेमियाचाच दुसरा एक प्रकार, होता. तोही एके काळी भयंकर मानला जायचा. त्याला डॅसॅटिनिबच्या गोळ्या आणि नंतर ब्लिनाट्युमोमॅब दिलं. गोळी आतलं बिघडलेलं एन्झाइम बंद करते आणि ब्लिनाट्युमोमॅब एका हाताने ल्युकेमियाच्या पेशीला, दुसऱ्या हाताने आपल्या टी-पेशीला धरून दोघांची गाठ घालून देतं. इटलीतल्या ज्या अभ्यासावर हे बेतलंय त्यात ६३ रुग्ण होते, ९८ टक्क्यांना रिमिशन आणि १८ महिन्यांनी ९५ टक्के जिवंत. यातही केमो फक्त मणक्यातून, मेंदूच्या संरक्षणासाठी.

ब्लिनाट्युमोमॅबची पिशवी आणि पंप २८ दिवस सतत. आंघोळीलाही सोबत. भाऊ त्याला ‘शेपूट’ म्हणायचा.

शंकेखोर (बुधवार, दुपारी ३:१०)

ताम्हण आणि अर्धविराम यांची उदाहरणं मला मान्य, पण त्यांच्यातलं साम्य बघा. दोन्ही आजारांत एकच मोठी चूक सगळा डोलारा पेलते आणि ती जवळजवळ प्रत्येक आजारी पेशीत असते. एफएलटी३ तसा नाही. तो बहुतेक वेळा उशिरा आलेला भिडू असतो, म्हणून काही पेशींत असतो, काहींत नसतो. खांब पाडला तर घर पडतं. माळा पाडला तर घर उभंच राहतं.

शून्यलब्धी (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

मी गणितवाली. औषधं एकामागून एक का द्यायची नाहीत, यावर थोडं.

निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या पेशी साधारण एकावर बारा शून्यं इतक्या असू शकतात, म्हणजे एक लाख कोटी. समजा दहा लाखांत एक पेशी योगायोगाने ‘क’ औषधाला दाद न देणारी आहे. (आकडा मानलेला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.) मग पहिल्या दिवशीच दहा लाख पेशी ‘क’मधून वाचणार. त्या वाढून परत एक लाख कोटी होतील तेव्हा तुम्ही ‘ख’ काढणार आणि तोवर त्यांच्यात ‘ख’ला न जुमानणाऱ्याही दहा लाख झालेल्या असणार. हा खेळ हरण्याचाच आहे.

दोन्ही एकदम दिली तर? दोन्हींना पुरून उरणारी पेशी दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. म्हणजे सगळ्या फौजेत जेमतेम एक.

क्षयरोगात हे आधी कळलं. १९४८च्या चाचणीत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण सुधारले आणि मग जंतू निर्ढावले. पीएएस हे दुसरं औषध जोडल्यावर निर्ढावणं घटलं. तोच धडा घेऊन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फ्राय आणि फ्रायराइक यांनी मुलांच्या ल्युकेमियात चार औषधं एकत्र दिली. तेव्हाही ‘लेकरांवर चार-चार विषं कसली’ अशी टीका झालीच होती.

पेशीवाला (बुधवार, रात्री ९:१५)

शून्यलब्धी, हिशेब सुरेख, पण त्यात एक गृहीत दडलंय : ‘क’मधून सुटायची वाट आणि ‘ख’मधून सुटायची वाट यांचा एकमेकांशी संबंध नाही. आरएएस बिघडला की पेशी गिल्टेरिटिनिबमधूनही सुटते आणि तोच आरएएस एमसीएल-१ वाढवून व्हेनेटोक्लॅक्समधूनही सोडवतो. एकाच किल्लीने दोन्ही कुलपं. तिथे दहा लाख गुणिले दहा लाख उरत नाही, पुन्हा साधे दहा लाख होतात.

बाबांनी विचारलेलं ‘तोंडं मोजली का’ ते हेच. रानजाई, रिपोर्टमध्ये एफएलटी३शिवाय काय काय तपासलंय ते बघा. एनपीएम१, आयडीएच१ आणि २, टीपी५३, एनआरएएस, केआरएएस, ही सगळी जनुकं (शेवटची दोन आरएएसचीच). एफएलटी३चा रिपोर्ट दोन-चार दिवसांत येतो, मोठं पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) मागून येतं. आलं नसेल तर विचारा.

शून्यलब्धी (बुधवार, रात्री ९:२५)

मान्य. गृहीतक लिहायला हवं होतं.

रानजाई (बुधवार, रात्री १०:००)

मोठं पॅनेल आजच आलं. एनपीएम१ पॉझिटिव्ह. आरएएस आणि टीपी५३ दोन्ही ‘आढळले नाही’. आयडीएचही नाही. हे चांगलं ना?

पेशीवाला (बुधवार, रात्री १०:१०)

आरएएस आणि टीपी५३ नसणं चांगलंच. ‘आढळले नाही’ म्हणजे त्या तपासणीला दिसण्याइतकं नाही. शंभरात एखाद्या पेशीत असेल तर ती निसटू शकते. पण आजच्या घडीला एवढं पुरे. एनपीएम१चा एक वेगळा फायदा असा की पुढे आजाराचा मागमूस शोधायला ती नेमकी खूण ठरते.

आता कालचं उरलेलं. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन या कर्करोग रुग्णालयाच्या गटाने तिन्ही औषधं एकत्र देऊन ५२ रुग्णांचा अभ्यास २०२४ साली छापला. त्यातले ३० नव्याने निदान झालेले. या ३० पैकी ९६ टक्क्यांचं रिमिशन, १८ महिन्यांनी साधारण ७२ टक्के जिवंत. शंकेखोर लिहायच्या आधी मीच लिहितो : रुग्ण थोडे, रुग्णालय एकच आणि तुलनेला दुसरा गट नाही. अशा अभ्यासांचे आकडे मोठ्या चाचणीत खाली येतात, हे पूर्वी अनेकदा झालंय.

मला त्यातला जास्त शिकण्यासारखा भाग वाटतो तो डोसचा. तिन्ही औषधं मॅरोला झोपवतात. पूर्ण डोस, पूर्ण दिवस असं दिलं तर काउंट (रक्तपेशींचे आकडे) वर यायला महिने लागतात आणि माणूस ल्युकेमियाने नाही, जंतूंनी जातो. म्हणून गिल्टेरिटिनिब नेहमीच्या १२० ऐवजी ८० मिलिग्रॅम, चौदाव्या दिवशी मॅरो बघायचा आणि ब्लास्ट साफ झाले असतील तर व्हेनेटोक्लॅक्स तिथेच थांबवायचं. पुढच्या फेऱ्यांत त्याचे दिवस आणखी कमी. तिकडीची कला औषध देण्यात कमी आणि वेळेवर काढून घेण्यात जास्त आहे.

शंकेखोर (बुधवार, रात्री १०:३०)

माझं काम तुम्हीच केलंत. एकच भर : चौदाव्या दिवशी मॅरो करायला आणि दोन दिवसांत वाचायला माणूस हवा. तो नसेल तर तिकडीचा विचार करू नये. विचारून ठेवा.

गोळीवाला (गुरुवार, सकाळी ७:४०)

औषधनिर्माता आहे. वरची चर्चा उत्तम, पण घात होतो तो बहुतेक वेळा एका चौथ्याच गोळीने. तिचं नाव या धाग्यात अजून आलंच नाही.

पांढऱ्या पेशी शून्याला टेकल्या की बुरशीचा धोका, म्हणून पोसाकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध देतात. व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा यकृतातलं सीवायपी३ए हे एन्झाइम करतं आणि पोसाकोनॅझोल त्याच एन्झाइमला बंद पाडतं. निचरा अडला की औषध रक्तात साचत जातं. म्हणून अझासिटिडीनसोबत एरवी ४०० मिलिग्रॅम असलेलं व्हेनेटोक्लॅक्स पोसाकोनॅझोलबरोबर ७० मिलिग्रॅमवर आणतात. गिल्टेरिटिनिबचा निचराही त्याच वाटेने, त्यामुळे त्याच्यावरही नजर लागते. शिवाय गिल्टेरिटिनिब आणि पोसाकोनॅझोल दोन्ही हृदयाच्या ठोक्याची क्यूटी (ईसीजीवर मोजायचा एक काळ) लांबवू शकतात. बाबांच्या हृदयाचं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो : ईसीजी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम सुरुवातीलाच बघून घ्यायला सांगा.

एकदा माझ्यासमोर असं झालं. रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला, बुरशीचं औषध बदललं, व्हेनेटोक्लॅक्सचा कागद जुनाच राहिला. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, काउंट का येत नाहीत म्हणून सगळे मॅरोला दोष देत होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो : सगळ्या गोळ्यांची एकच यादी, एकाच वहीत, आणि कुठलीही एक बदलली की पूर्ण यादी पुन्हा दाखवायची. ग्रेपफ्रूट आणि सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पतीजन्य पूरकंही बंद.

आणखी एक. व्हेनेटोक्लॅक्स सुरू करायच्या आधी पांढऱ्या पेशी २५ हजारांच्या खाली आणतात, बहुधा हायड्रॉक्सियुरियाने, आणि डोस १००, २००, ४०० असा चढवतात. एकदम खूप पेशी फुटल्या तर युरिक ॲसिड आणि पोटॅशियम उसळून मूत्रपिंड बसतं. पहिल्या दिवसांत दिवसातून अनेकदा रक्त काढतील, तेव्हा कुरकुर करू नका.

ताम्हण (गुरुवार, सकाळी ८:०५)

मी लिहिलेला डिफरन्सिएशन सिंड्रोम गिल्टेरिटिनिबनेही होतो बरं का. ताप, दम, अचानक वजन वाढणं. घरी असाल तर रोज सकाळी बाबांचं वजन लिहून ठेव.

नवाकोरा (गुरुवार, सकाळी ११:००)

मेनिन इन्हिबिटर म्हणून काही आलंय असं ऐकलं. एनपीएम१ असेल तर तेच का देत नाहीत?

पेशीवाला (गुरुवार, सकाळी ११:४५)

त्यातल्या रेव्ह्युमेनिब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२४मध्ये पहिली मान्यता मिळाली ती केएमटी२ए जनुकाची अदलाबदल असलेल्या, उलटलेल्या ल्युकेमियासाठी. एनपीएम१साठी नंतर. सुरुवातीच्या उपचारात ते अझासिटिडीन-व्हेनेटोक्लॅक्सला जोडून बघणं चालू आहे. एनपीएम१ बहुतेक वेळा एफएलटी३च्या आधी आलेला असतो, म्हणजे शंकेखोरांच्या भाषेत खांबाच्या जास्त जवळचा. त्यामुळे ही वाट मला व्यक्तिशः अधिक आशादायक वाटते. पण बाबांना ते या आठवड्यात हवंय, पुढच्या वर्षी नाही.

रानजाई (शुक्रवार, रात्री ९:१०)

भेट झाली. वही घेऊन गेले होते, डॉक्टर हसले नाहीत.

‘माणसं जास्त जगली असा तुलनात्मक पुरावा आहे का?’ यावर ते सरळ म्हणाले, “तिकडीसाठी अजून नाही. दोन औषधांसाठी आहे.” मग म्हणाले की आयटीडी असताना दोनवर उलटलेला आजार बहुतेक वेळा आयटीडी घेऊनच उलटतो, आणि तेव्हा ७१ वर्षांच्या माणसात दुसऱ्या झुंजीची ताकद उरलेली नसते. म्हणून त्यांचा कल तिन्हींकडे, कमी डोसने. चौदाव्या दिवशी मॅरो होईल आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः काच बघतील.

बाबांनी विचारलं, “नंतर नको वाटलं तर तिसरं काढून टाकता येईल?” डॉक्टर म्हणाले, हो. बाबा म्हणाले, “मग बसवा तिकडी.”

आज हायड्रॉक्सियुरियावर पेशी १९ हजार. ईसीजी झाला, ठीक आहे. उद्या सुरू.

रानजाई (सतरा दिवसांनी)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. चौदाव्या दिवसाचा मॅरो : पेशी फारच कमी, ब्लास्ट ३ टक्के. व्हेनेटोक्लॅक्स त्याच संध्याकाळी थांबवलं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळपास शून्य. दोन रात्री ताप १०२च्या वर, अँटिबायोटिक चालू, आज उतरलाय. प्लेटलेट दर तिसऱ्या दिवशी चढवतात. बाबा थकलेत, कुणाशी बोलत नाहीत. तिकडीचं नाव काढलं की तोंड फिरवतात.

ताम्हण (त्याच दिवशी)

माझाही तिसरा आठवडा असाच होता. तू त्यांच्याशी बोलत राहा, त्यांनी उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

शंकेखोर (त्याच दिवशी)

वेळेवर थांबवलं, हे फार चांगलं झालं.

रानजाई (आणखी एकोणीस दिवसांनी)

काउंट आले. न्यूट्रोफिल १४००, प्लेटलेट न चढवता १ लाख १० हजार. मॅरोत ब्लास्ट १ टक्का, डॉक्टरांच्या भाषेत रिमिशन. एनपीएम१ची सूक्ष्म तपासणी मात्र अजून पॉझिटिव्ह आहे, आधीपेक्षा पुष्कळ खाली. पहिल्या फेरीनंतर असं चालतं, दुसरी आणि चौथी फेरी झाल्यावर परत बघू म्हणाले. दुसरी फेरी सोमवारी, या वेळी व्हेनेटोक्लॅक्स सातच दिवस. बाबा काल रात्री आपणहून विचारत होते, “त्या उंदीरवाल्या माणसाने पुढे काय लिहिलं?”

गोळीवाले, तुमच्यासाठी प्रश्न. काउंट आले म्हणून पोसाकोनॅझोल उद्यापासून बंद सांगितलंय. सोमवारपासून व्हेनेटोक्लॅक्स पुन्हा ७० मिलिग्रॅम की ४००? कागदावर काहीच लिहिलेलं नाही.

गोळीवाला (त्याच दिवशी, पंधरा मिनिटांनी)

कागदावर नाही म्हणजे कुणीतरी विसरलंय, आजच फोन करा. सर्वसाधारण नियम असा की अडवणारं औषध बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी मूळ डोसवर जातात. पण तिकडीत मूळ डोस कोणता धरायचा हे त्यांनीच ठरवायचं आणि फेरीच्या मध्ये काउंट पुन्हा पडले तर पोसाकोनॅझोल परत येणार, तेव्हा तोही डोस आत्ताच लिहून घ्या. दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक, तारखेसकट. फोन झाला की इथे कळवा.

रानजाई (त्याच दिवशी, संध्याकाळी)

फोन झाला. खरंच राहून गेलं होतं. दोन्ही आकडे लिहून घेतले.